त्रिएस्ते : करमाफीतून वसलेलं शहर

इटलीच्या अगदी ईशान्य कोपऱ्यात, एड्रियाटिक समुद्राच्या टोकाशी, त्रिएस्ते नावाचं बंदर आहे. व्हेनिसहून आगगाडीने साधारण दोन तासांत तिथे पोचता येतं. स्टेशनातून बाहेर पडून समुद्राच्या कडेने चालू लागलं, की थोड्याच वेळात शहरात शिरलेला एक कालवा लागतो. कालव्याच्या टोकाला उंच खांबांचं कॅथलिक चर्च आहे. त्याच्या बाजूलाच निळ्या घुमटांचं सर्बियन ऑर्थोडॉक्स चर्च, समुद्रासमोर ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्च, जरा मागच्या गल्लीत टोकदार मनोऱ्याचं ल्यूथरन चर्च आणि तिथून काही मिनिटांवर युरोपातल्या मोठ्या सिनेगॉगांपैकी एक. हे सगळं एका चक्करीत पाहून होतं.

मुंबईकराला याचं फारसं नवल वाटणार नाही. मशीद बंदर, भुलेश्वर, फोर्ट या भागांत देऊळ, देरासर, मशीद, अग्यारी, सिनेगॉग हाकेच्या अंतरावर पाहायची आपल्याला सवय आहे. ‘बंदर म्हटलं की चार मुलखांचे लोक येणारच’ असं म्हणून आपण पुढे जातो. पण या उत्तराने भागत नाही. समुद्र तर किनाऱ्यावरच्या प्रत्येक गावाला मिळालेला असतो. एड्रियाटिकच्या काठी जुनी बंदरं भरपूर आहेत, पण त्यांतल्या फारच थोड्यांना असं रूप आलं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला त्रिएस्ते हे पाच-सहा हजार वस्तीचं, मिठागरांच्या कडेचं गाव होतं. १९१० साली तिथे सुमारे २ लाख ३० हजार माणसं राहत होती. शिवाय ज्या हॅब्सबर्ग घराण्याची तिथे सत्ता होती ते पक्कं कॅथलिक. परधर्मीयांना मोकळीक देण्याबद्दल त्याची मुळीच ख्याती नव्हती. मग हे घडलं कसं? आणि आज त्या शहरात गेल्यावर इटालियन सोडून बाकीच्या भाषा इतक्या हळू आवाजात का ऐकू येतात?

डोंगरातली खिंड

सुरुवात जमिनीपासून करू. युरोपच्या मध्यातून एड्रियाटिककडे यायचं तर मध्ये आल्प्स आणि त्यांना लागून दक्षिणेकडे गेलेले दिनारिक डोंगर आडवे येतात. या दोन रांगा जिथे एकमेकींना भेटतात तिथे डोंगर एकाएकी बुटके होतात. आजच्या स्लोव्हेनियातल्या पोस्टोयना गावाजवळची ही खिंड समुद्रसपाटीपासून जेमतेम ६०० मीटरवर आहे. डॅन्यूब नदीच्या खोऱ्यातून एड्रियाटिककडे उतरायला याहून सखल वाट नाही. रोमनांच्या काळापासून माल याच वाटेने जात-येत होता आणि वाट जिथे समुद्राला मिळते तिथे त्रिएस्ते आहे. हॅब्सबर्गांच्या व्हिएन्नाहून समुद्र गाठायचा तर हा सर्वांत सोयीचा रस्ता.

या वाटेने मालाबरोबर आणखी एक गोष्ट येते. बोरा हा वारा. त्रिएस्तेला हिवाळ्यात गेलेल्या माणसाची त्याच्याशी गाठ पडल्याशिवाय राहत नाही. मध्य युरोपवर थंडीचा जोर वाढला, की तिथली हवा जड होऊन डोंगरांच्या मागे साठत जाते. त्याच वेळी भूमध्य समुद्रावर हवेचा दाब कमी असेल, तर ही साठलेली हवा सखल जागा शोधून समुद्राकडे धावते. खिंडीतून ती कार्स्ट नावाच्या चुनखडीच्या पठारावर येते आणि पठाराच्या कडेवरून थेट शहरावर कोसळते. पठार आणि समुद्र यांच्यात इथे काही किलोमीटरसुद्धा अंतर नाही. खाली उतरणारी हवा दाबली जाऊन थोडी तापते, पण मुळात ती इतकी गार असते की किनाऱ्यावर पोचेपर्यंत पुरेशी ऊब तिला मिळतच नाही. कडेवरून उतरताना तिच्यात भोवरे तयार होतात, म्हणून बोरा एकसारखा वाहत नाही. झोत येतो, थांबतो, पुन्हा येतो. ताशी १५० किलोमीटरपेक्षा जोराचे झोत नोंदले गेले आहेत. पूर्वी वाऱ्याच्या दिवसांत चढणीच्या रस्त्यांवर लोकांना धरून चालायला दोरखंड बांधत.

वाऱ्याबद्दल इतकं लिहिलं, कारण वारा आणि व्यापार एकाच खिंडीतून आले. पण खिंड तर रोमनांपासून होतीच. अठराव्या शतकात नवं काय घडलं?

सम्राटाचा कौल

नवं घडलं ते कागदावर. १३८२ साली व्हेनिसच्या धाकाला कंटाळून त्रिएस्तेने आपण होऊन हॅब्सबर्ग ड्यूकचा आश्रय घेतला होता. त्यानंतर तीन शतकं तिथे फारशी हालचाल नव्हती, कारण एड्रियाटिकवर हुकूम चाले तो व्हेनिसचा. व्हेनिसची ताकद उतरणीला लागल्यावर हॅब्सबर्ग सम्राट सहावा चार्ल्स पुढे सरसावला. १७१७ मध्ये त्याने या समुद्रात जहाजांना मोकळेपणी ये-जा करता येईल असं जाहीर केलं आणि १८ मार्च १७१९ रोजी त्रिएस्ते आणि फ्यूमे (आजचं क्रोएशियातलं रियेका) ही ‘मुक्त बंदरं’ म्हणून घोषित केली.

पेशवाईत पुण्यात नवी पेठ वसवायची झाली, की व्यापारी-उदम्यांना कौल दिला जाई. या, दुकान मांडा, घर बांधा. पहिली काही वर्षं कर माफ, तुमच्यावर जुलूम होणार नाही. पेठेचा कारभार पाहायला शेटे-महाजन नेमले जात. ओसाड जागेवर धनी माणूस उगाच येत नाही. त्याला करात सूट आणि जिवाची-मालाची हमी अशा दोन्ही गोष्टी हव्या असतात. सम्राटाने त्रिएस्तेत नेमकं हेच केलं. फरक इतकाच, की त्याचा कौल ग्रीस, सर्बिया, आर्मेनिया, जर्मनी, स्वित्झर्लंड आणि तुर्की साम्राज्यातल्या लोकांसाठी होता.

▪ चौकट : मुक्त बंदर म्हणजे काय?
एखाद्या देशात बाहेरून माल आला की सरकार त्यावर आयात कर घेतं. मुक्त बंदर हे जमिनीने त्या देशात असतं, पण कराच्या हिशेबात देशाबाहेर धरलं जातं. तिथे माल उतरवा, गोदामात ठेवा, वेगळा करा, पुन्हा बांधा, दुसऱ्या जहाजावर चढवा. कर लागत नाही. माल बंदराची हद्द ओलांडून देशात शिरला, तरच कर. व्यापाऱ्याचा फायदा असा, की भाव चढेपर्यंत तो पैसा करात न अडकवता माल साठवून ठेवू शकतो. त्रिएस्तेत ही सवलत आधी बंदरापुरती होती. १७६९ साली ती सबंध शहराला मिळाली आणि १८९१ पर्यंत टिकली. त्यानंतर ती पुन्हा कुंपणाच्या आत, बंदरापुरती राहिली.

कालव्याच्या काठाने

कर माफ केल्याने माल येतो. माणसं बायकामुलांसह येऊन राहायला मात्र आणखी काही लागतं. त्यांना लग्न लावायला पुरोहित हवा, मेल्यावर पुरायला जागा हवी, मुलांना शाळा हवी. या गरजा चार्ल्सची मुलगी मारिया थेरेसा हिने ओळखल्या. ती स्वतः अत्यंत धर्मनिष्ठ कॅथलिक होती आणि साम्राज्याच्या इतर भागांत ज्यूंशी आणि प्रॉटेस्टंटांशी कठोर वागली. पण त्रिएस्तेत १७५१ साली तिने ऑर्थोडॉक्स पंथीयांना उपासनेची आणि चर्च बांधायची परवानगी दिली. पुढे तिचा मुलगा दुसरा जोसेफ याने १७८१-८२ मध्ये सहिष्णुतेचे फर्मान काढून प्रॉटेस्टंट, ऑर्थोडॉक्स आणि ज्यू यांच्यावरची बरीच बंधनं साम्राज्यभर सैल केली. त्रिएस्तेत तोवर या गोष्टी पुष्कळशा अंगवळणी पडल्या होत्या.

या निर्णयांचा नकाशा पायी फिरून पाहता येतो. मिठागरं बुजवून त्या जागेवर वसवलेली नवी पेठ आजही मारिया थेरेसाच्या नावाने ओळखली जाते. जुन्या गावातल्या गल्ल्या वेड्यावाकड्या, तर इथले रस्ते फुटपट्टीने आखल्यासारखे सरळ. मधोमध १७५० च्या दशकात खणलेला कालवा. काठावरच्या जुन्या इमारती नीट पाहिल्या, की तळमजल्याची दारं घराच्या मानाने फारच रुंद दिसतात. तळमजला गोदामाचा होता. नाव दारापर्यंत यायची, गाठोडी तिथेच उतरायची आणि व्यापारी वरच्या मजल्यावर कुटुंबासह राहायचा. कालवा पूर्वी आणखी आतपर्यंत होता. १९३० च्या दशकात त्याचं टोक बुजवलं, म्हणून कॅथलिक चर्चच्या पायऱ्यांसमोर आता पाण्याऐवजी चौक आहे.

बाजूचं सर्बियन चर्च, सान स्पिरिदिओने, अवश्य आत जाऊन पाहावं. आताची इमारत १८६९ सालची. मूळ चर्च ग्रीक आणि सर्ब दोघांचं मिळून होतं. दोघे एकाच पंथाचे असले तरी प्रार्थना ग्रीकमध्ये की स्लाव्होनिकमध्ये यावरून बिनसलं. १७८० च्या दशकात ग्रीकांनी समुद्रकाठी आपलं वेगळं सान निकोलो चर्च उभारलं. बहुभाषी शहर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गळ्यात गळे घातलेले लोक येतात; मला त्यापेक्षा हे भांडण अधिक मोलाचं वाटतं. दोघांकडे पैसा होता, दोघांना कायद्याने सारखा हक्क होता, म्हणून भांडण रक्तपाताने न मिटता दुसरं चर्च बांधून मिटलं.

समुद्राकडे एक बाजू पूर्ण उघडी असलेल्या मोठ्या चौकात, पियात्सा उनितामध्ये, १७५० च्या दशकातलं एक कारंजं आहे. त्यावर चार खंडांच्या मूर्ती आहेत आणि त्या सगळ्यांच्या वर त्रिएस्ते नगरी बसली आहे. तिच्याभोवती मालाची गाठोडी आणि दोरखंड कोरले आहेत. शहराला आपलं नशीब कशात आहे हे तेव्हाच पुरतं कळलं होतं.

सगळ्यांची एक बोली

इतक्या जातींचे लोक एकमेकांशी बोलायचे कसे? राज्यकारभार जर्मनमध्ये, भोवतालची खेडी स्लोव्हेन, पण एड्रियाटिकपासून पूर्व भूमध्यापर्यंत बंदरांवरचा व्यवहार व्हेनिसच्या वळणाच्या इटालियनमध्ये चाले. त्यामुळे नव्याने आलेला ग्रीक असो की जर्मन, दुकान चालवायला तो हीच बोली शिकायचा आणि त्याची नातवंडं घरातही तीच बोलायची. शहरात येणाऱ्याने त्रिएस्तेकर व्हायचं आणि त्रिएस्तेकर व्हायचं म्हणजे ही बोली बोलायची, असा रिवाज पडला.

याची उदाहरणं गल्लोगल्ली सापडतात. ‘ऑस्ट्रियन लॉइड’ या जहाज कंपनीच्या स्थापनेत ज्याचा मोठा वाटा होता तो कार्ल लुडविग फॉन ब्रुक मूळचा जर्मन प्रॉटेस्टंट. ग्रीसच्या स्वातंत्र्ययुद्धात लढायला निघालेला हा तरुण वाटेत त्रिएस्तेला थांबला आणि तिथलाच झाला. १९३३ साली इली ही कॉफी कंपनी काढणारे फ्रांचेस्को इली आजच्या रुमानियातल्या तिमिशोआरात जन्मलेले. आयर्लंडहून आलेला जेम्स जॉइस १९०५ पासून इथे इंग्रजीच्या शिकवण्या करून पोट भरत असे. ‘डब्लिनर्स’मधल्या बहुतेक कथा त्याने इथे लिहिल्या आणि ‘युलिसिस’ची सुरुवातही इथेच केली. त्याची दोन्ही मुलं इथे जन्मली आणि शहर सोडल्यावरही त्या घरात त्रिएस्तेची बोली चालू राहिली. त्याच्या विद्यार्थ्यांपैकी एक होता एत्तोरे श्मित्स. जहाजांच्या रंगाच्या धंद्यातला हा ज्यू कुटुंबातला गृहस्थ इतालो स्वेवो या टोपणनावाने इटालियन कादंबरीकार म्हणून पुढे गाजला.

व्हिएन्ना ते मुंबई

एकोणिसाव्या शतकात शहराची भरभराट तीन टप्प्यांत झाली. १८३३ साली विमा उतरवणाऱ्या व्यापाऱ्यांनी जहाजांची खबरबात गोळा करायला लॉइड संस्था काढली; १८३६ मध्ये तिने आगबोटींचा विभाग सुरू केला. १८५७ मध्ये व्हिएन्नाहून निघालेला लोहमार्ग त्याच पोस्टोयनाच्या खिंडीतून त्रिएस्तेला पोचला. आणि १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला. त्या कालव्याच्या कंपनीचा एक उपाध्यक्ष त्रिएस्तेचाच व्यापारी होता, पास्क्वाले रेव्होल्तेल्ला. उद्घाटनाच्या दोनच महिने आधी तो वारला. त्याचा वाडा आता संग्रहालय आहे.

सुएझ खुला झाला आणि मुंबई त्रिएस्तेच्या टप्प्यात आली. लॉइडच्या आगबोटी मुंबईला येऊ लागल्या; इथला कापूस तिकडे जाऊन तिथून मध्य युरोपातल्या गिरण्यांना मिळू लागला. १८७२ पासून १८९० मध्ये मरेपर्यंत त्रिएस्तेत ब्रिटनचा वाणिज्यदूत म्हणून राहिलेला रिचर्ड बर्टन तरुणपणी मुंबई इलाख्याच्या फौजेत होता आणि त्या काळात त्याने मराठीची परीक्षाही दिली होती. ‘अरेबियन नाइट्स’चं त्याचं प्रसिद्ध भाषांतर त्रिएस्तेत पुरं झालं. पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियन लॉइडचं नाव ‘लॉइड त्रिएस्तिनो’ झालं तरी मुंबईची फेरी चालू राहिली. डिसेंबर १९३१ मध्ये गोलमेज परिषदेहून परतताना गांधीजी ब्रिंदिसीहून मुंबईला आले ते ‘पिल्स्ना’ या तिच्याच जहाजाने.

कॉफीचा व्यापार याच काळात स्थिरावला आणि तो आजही टिकून आहे. मुक्त बंदरातल्या गोदामांत कच्च्या कॉफीची पोती साठवता येत, म्हणून दलाल, भाजणारे, चव पारखणारे सगळे इथे जमले. इलीच्या मिश्रणात भारतातली कॉफीही असते. शहरातल्या कॅफेत जाल तेव्हा एक लक्षात ठेवा. इटलीत इतरत्र ‘एस्प्रेसो’ म्हणून मिळते ती कॉफी इथे ‘नेरो’ म्हणून मागतात आणि थोडं दूध घातलेली हवी असेल तर ‘कापो’. चिनी मातीच्या कपाऐवजी छोट्या काचेच्या पेल्यात हवी असेल तर ‘कापो इन बी’. १९१४ साली सुरू झालेल्या काफ्फे सान मार्कोमध्ये ती मागून पाहावी. तिथे आत पुस्तकांचं दुकानही आहे आणि तासन्‌तास बसलेल्या माणसाला कोणी उठवत नाही.

माणसं मोजताना

आता अवघड भाग. १९१० च्या जनगणनेत ऑस्ट्रियाच्या सरकारने प्रत्येकाला मातृभाषा विचारली नाही. ‘रोजच्या व्यवहाराची भाषा’ विचारली. इटालियन कुटुंबात काम करणारी स्लोव्हेन मोलकरीण दिवसभर कोणती भाषा बोलणार? ती इटालियन म्हणून नोंदली जायची. मोजणी करणारे नगरपालिकेचे होते आणि नगरपालिका इटालियन राष्ट्रवाद्यांच्या हातात होती. पहिल्या मोजणीत स्लोव्हेन भाषक सुमारे ३७ हजार निघाले. तक्रारी झाल्या, सरकारने फेरमोजणी केली, तेव्हा आकडा सुमारे ५७ हजारांवर गेला. वीस हजार माणसं केवळ मोजण्याच्या पद्धतीमुळे कागदावरून नाहीशी झाली होती.

सगळ्यांनी एक बोली उचलायची हा जुना रिवाज इथे मोडला, आणि का मोडला ते समजून घ्यायला हवं. ग्रीक किंवा जर्मन व्यापाऱ्याचं मूळ गाव शेकडो कोस दूर असे. स्लोव्हेनांचं गाव टेकडीवरच होतं. त्यांची भाषा भोवतालच्या मुलखातून रोज शहरात उतरत होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्यातूनही वकील, डॉक्टर, बँकवाले पुढे आले आणि त्यांना शहरात स्लोव्हेन शाळा हव्याशा वाटू लागल्या. नगरपालिकेने शहराच्या मध्यभागी त्या काढू दिल्या नाहीत. १९०४ साली स्लोव्हेनांनी नारोदनी दोम ही देखणी इमारत उभारली. वास्तुविशारद मॅक्स फाबियानी. आत नाट्यगृह, बँक आणि हॉटेल.

१९१८ मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीचं साम्राज्य कोसळलं. ३ नोव्हेंबरला ‘आउदाचे’ ही इटालियन विनाशिका बंदरात शिरली. आज संध्याकाळी लोक जिथे फिरायला जातात त्या लांब धक्क्याला तिचंच नाव आहे. शहर इटलीत गेलं. १३ जुलै १९२० रोजी फॅसिस्टांनी नारोदनी दोम जाळला. सहा वर्षांच्या एका स्लोव्हेन मुलाने ती आग पाहिली. तो पुढे बोरिस पाहोर हा मोठा लेखक झाला, नाझी छळछावण्यांतून जिवंत परतला आणि २०२२ मध्ये वयाच्या १०८ व्या वर्षी वारला. १९२० च्या दशकात स्लोव्हेन शाळा बंद झाल्या, आडनावं बदलून इटालियन करण्यात आली. १८ सप्टेंबर १९३८ रोजी, कारंज्याच्या त्याच चौकात, मुसोलिनीने ज्यूंविरुद्धच्या वंशभेदी कायद्यांची जाहीर घोषणा केली. शहराच्या दक्षिण भागात सान साब्बा इथे तांदूळ सडायची जुनी गिरणी होती. १९४३ नंतर नाझींनी तिची छावणी केली आणि तिथे मृतदेह जाळायची भट्टी बांधली. अंदाजे तीन ते पाच हजार माणसं तिथे मारली गेली, त्यांतली बहुसंख्य विरोधक, फॅसिझमशी लढणारे आणि ओलीस धरलेले लोक. ज्यूंना बहुतांशी तिथून पुढे आउशवित्सला पाठवलं गेलं. त्या जागी आता स्मारक आहे. उंच काँक्रीटच्या भिंतींमधल्या अरुंद वाटेने आत जावं लागतं. त्रिएस्तेला जाणाऱ्याने तिथे जायलाच हवं, असं मला वाटतं.

गोदामातल्या खुर्च्या

युद्धानंतर त्रिएस्ते कोणाचं यावर इटली आणि युगोस्लाव्हिया अडून बसले. मे १९४५ मध्ये चाळीस दिवस शहर युगोस्लाव्ह सैन्याच्या ताब्यात होतं. त्या काळात अनेकांना पकडून नेलं, काहींना कार्स्टच्या खोल विवरांत टाकलं. १९४७ च्या तहाने ‘त्रिएस्ते मुक्त प्रदेश’ तयार झाला, पण शहरात कारभार ब्रिटिश-अमेरिकन लष्कराचा होता. ऑक्टोबर १९५४ मध्ये शहर पुन्हा इटलीकडे आलं.

त्या वर्षांत युगोस्लाव्हियाकडे गेलेल्या शेजारच्या इस्त्रिया आणि डाल्मेशियातून लाखो माणसांनी, बहुतेक इटालियन भाषकांनी, घरं सोडली. त्यांतले पुष्कळ जण त्रिएस्तेत थांबले. सोबत आणलेलं सामान त्यांनी जुन्या बंदराच्या गोदामात ठेवायला दिलं. निर्वासितांच्या छावणीतल्या एका खोलीत कपाट कुठे मावणार? कोणी पुढे ऑस्ट्रेलियाला गेलं, कोणी वारलं, आणि सामान तसंच राहिलं. शेकडो खुर्च्या एकीवर एक रचलेल्या. पलंग, शिवणयंत्रं, भांडी, वह्या, भिंतीवरचे फोटो. वस्तूंवर मालकाचं नाव लिहिलेल्या चिठ्ठ्या. ‘मागात्सिनो १८’ या गोदामाच्या नावाने हा साठा ओळखला जातो.

मागचा मुलूख गेल्यावर

बंदराला समोर समुद्र लागतो तसा मागे मुलूखही लागतो. १९१८ नंतर व्हिएन्ना, प्राग, बुडापेस्ट या गिऱ्हाइकांच्या आणि त्रिएस्तेच्या मध्ये सीमा आल्या. १९४५ नंतर पठाराच्या कडेवर साम्यवादी जगाची हद्द आली. करमाफी तर बंदराला १९४७ च्या तहातही मिळाली होती, पण मागून येणारा मालच आटला. सवलत आणि मुलूख, दोन्ही असतील तेव्हाच गणित जमतं.

शहराने मग वेगळी वाट शोधली. १९६४ साली पाकिस्तानचे भौतिकशास्त्रज्ञ अब्दुस सलाम यांनी इथे सैद्धांतिक भौतिकशास्त्राचं आंतरराष्ट्रीय केंद्र उभं केलं. गरीब देशांतल्या संशोधकाला स्वदेशात राहूनही जगाच्या बरोबरीने काम करता यावं, यासाठी त्याला दर काही वर्षांनी येऊन शिकता-बोलता येईल अशी जागा सलाम यांना हवी होती. पूर्व आणि पश्चिम युरोपच्या शिवेवरचं त्रिएस्ते त्यासाठी सोयीचं पडलं. मीरामारेच्या पांढऱ्या किल्ल्याजवळच्या या केंद्रात भारतीय शास्त्रज्ञांच्या कित्येक पिढ्या येऊन गेल्या आहेत, आणि २०१९ मध्ये त्याचे संचालक झाले ते कोल्हापूरचे अतीश दाभोलकर. सम्राटाने करमाफी देऊन व्यापारी बोलावले होते. या केंद्राने शिष्यवृत्त्या देऊन भौतिकशास्त्रज्ञ बोलावले. त्रिएस्तेच्या इतिहासात मला हा सर्वांत आनंदाचा अध्याय वाटतो.

बंदरही नव्याने उभं राहिलं. १९६७ पासून इथून आल्प्सपलीकडे जर्मनीतल्या इंगोलश्टाटपर्यंत खनिज तेलाची नळवाहिनी जाते, म्हणून टनांच्या हिशेबात त्रिएस्ते इटलीत अग्रेसर आहे. तुर्कस्तानहून मालमोटारींनी भरलेली जहाजं येतात.

आज तिथे गेलात तर

स्लोव्हेन ऐकायची असेल तर पठारावर, ओपिचीनाकडे जा. तिथल्या पाट्या दोन्ही भाषांत आहेत. २००१ च्या कायद्याने स्लोव्हेन अल्पसंख्याकांच्या हक्कांना संरक्षण दिलं आहे. त्रिएस्तेत स्लोव्हेन दैनिक निघतं, नाट्यगृह चालतं, सरकारी शाळा आहेत. जुलै २०२० मध्ये, जाळपोळीला शंभर वर्षं झाली त्या दिवशी, इटली आणि स्लोव्हेनियाच्या राष्ट्राध्यक्षांच्या उपस्थितीत नारोदनी दोम स्लोव्हेन समाजाला परत देण्याच्या करारावर सह्या झाल्या.

पठारावरच्या खेड्यांत ‘ओझमित्सा’ शोधा. शेतकऱ्याच्या अंगणातली ही तात्पुरती खाणावळ. घरची वाइन, घरचं सुकवलेलं मांस, चीज, उकडलेली अंडी. वाटेवर हिरवी डहाळी टांगलेली दिसली की ती उघडी आहे असं समजायचं. ही प्रथासुद्धा फर्मानातून आली आहे. १७८४ मध्ये दुसऱ्या जोसेफने शेतकऱ्यांना घरचा माल वर्षातले काही दिवस परस्पर विकायची मुभा दिली होती. मांस न खाणाऱ्यांची थोडी पंचाईत होते. शहरातल्या प्रसिद्ध ‘योता’ या कडधान्याच्या आणि आंबवलेल्या कोबीच्या कढणातही बहुतेकदा डुकराचं मांस असतं, तेव्हा विचारून घ्यावं.

नव्या माणसांसाठी स्टेशनसमोरच्या पियात्सा लिबेर्ताकडे बघा. सर्बियातून आलेले लोक शहरात आधीपासून बरेच आहेत, जवळच्या मोन्फाल्कोनेच्या जहाज कारखान्यामुळे बांगलादेशींची मोठी वस्ती झाली आहे, आणि बाल्कनच्या डोंगरांतून पायी आलेले अफगाण, पाकिस्तानी तरुण या चौकात संध्याकाळी टेकतात. स्थानिक स्वयंसेवक त्यांच्या पायांच्या जखमा धुऊन पट्ट्या बांधतात. या तरुणांना कोणी कौल दिलेला नाही. राहण्याचा परवाना मिळेपर्यंत त्यांना काम करण्याची, घर भाड्याने घेण्याची वाट अतिशय अवघड आहे, आणि जुन्या ग्रीक-सर्ब व्यापाऱ्यांत आणि त्यांच्यात खरा फरक हा आहे.

टेकडीपलीकडे स्लोव्हेनियात उतरणार असाल तर पासपोर्ट आणि शेंगेन व्हिसा खिशात असू द्या. २००७ च्या डिसेंबरात या सीमेवरच्या चौक्या उठल्या होत्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये इटलीने तिथे पुन्हा तपासणी सुरू केली आणि तिची मुदत नंतर वेळोवेळी वाढवली आहे.